मानांकन प्रश्नपत्रिकेत दिसते

बारावीचे निकाल लागले की ओळखीच्या पालकांचे फोन सुरू होतात आणि त्यांचा पहिला प्रश्न हल्ली ठरलेला असतो: "त्या कॉलेजाला एनबीए आहे का?" विचारायलाच हवा असा हा प्रश्न आहे, पण तो ज्या शब्दांत विचारला जातो त्यातच पहिली गफलत होते. नॅशनल बोर्ड ऑफ अक्रेडिटेशन, म्हणजे एनबीए, महाविद्यालयाचे मानांकन करीतच नाही. ते स्थापत्य, यंत्र, संगणक अशा एकेका शाखेच्या पदवी अभ्यासक्रमाचे मानांकन करते. त्यामुळे एकाच आवारात आणि एकाच प्राचार्यांच्या हाताखाली यंत्र अभियांत्रिकीला मानांकन असू शकते आणि शेजारच्या इमारतीत नव्याने सुरू झालेल्या शाखेला नसू शकते. किंबहुना किमान दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्याशिवाय नव्या शाखेला अर्जच करता येत नाही. फलक मात्र प्रवेशद्वारावर लागतो आणि तो सगळ्या शाखांचा आहे असे वाटते.

मी गोव्यातल्या एका संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शिकवतो आणि मानांकनासाठी विभागाने सादर करायचा स्वयंमूल्यांकन अहवाल, ज्याला आम्ही सगळे नुसते 'एसएआर' म्हणतो, तयार करण्याच्या कामात बराच काळ गुंतलेलो आहे. त्या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. मानांकनाचे खरे वजन कपाटातल्या फायलींमध्ये नसते. विभागाने स्वतः काढलेल्या प्रश्नपत्रिकांमध्ये आणि त्यांच्या निकालावरून पुढच्या वर्षी काय बदलले यात ते असते. बाकीचे बरेचसे कागदी काम आहे. ते आवश्यक असले तरी त्यावरून शिकवण्याची प्रत कळत नाही.

आधी एक गुंता सोडवणे भाग आहे. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर तीन-चार नावे एका ओळीत छापलेली असतात आणि ती सगळी एकाच जातीची वाटतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एआयसीटीईची मान्यता ही चालवण्याची परवानगी आहे: जागा, प्रयोगशाळा, शिक्षकसंख्या आणि प्रवेशक्षमता किमान निकषांत बसतात एवढेच ती सांगते. गोवा विद्यापीठाची संलग्नता म्हणजे पदवी कोणाच्या नावाने मिळेल याची व्यवस्था आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 1994 मध्ये स्थापन केलेली नॅक ही मानांकन परिषद संपूर्ण संस्थेकडे पाहते. एनआयआरएफ ही क्रमवारी आहे. तिची पहिली यादी 2016 मध्ये आली आणि ती संस्थांना एकमेकींशी ताडून पाहते. एनबीएचे मानांकन यांपैकी कशातच मोडत नाही. ते ऐच्छिक आहे, मुदतीचे आहे, आणि त्यात तुमची तुलना शेजारच्या महाविद्यालयाशी होत नाही, तर एनबीएच्या निकषांशी आणि तुम्ही स्वतःच लिहून दिलेल्या उद्दिष्टांशी होते.

एनबीएची स्थापनाही 1994 चीच. एआयसीटीईच्या 1987 च्या कायद्यातील तरतुदीनुसार ते मंडळ परिषदेचाच एक भाग म्हणून सुरू झाले आणि जानेवारी 2010 मध्ये स्वायत्त झाले. या स्वायत्ततेमागे एक व्यावहारिक कारण होते. 1989 मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या सहा देशांतील मानांकन संस्थांनी वॉशिंग्टन करार केला होता. एका देशात मानांकित झालेली अभियांत्रिकी पदवी दुसऱ्या देशाने सारख्याच तोलाची मानावी, असा त्याचा आशय. परवानगी देणारी आणि गुणवत्ता तपासणारी संस्था एकच असेल तर अशा कराराला विश्वासार्हता येत नाही. भारत 2007 मध्ये या कराराचा हंगामी सदस्य झाला आणि 13 जून 2014 रोजी कायमचा सदस्य झाला. परदेशी नोकरी करणे गोमंतकीय घरांना नवे नाही, त्यामुळे आमच्याकडे या कराराचे नाव पालकांच्या तोंडी चटकन बसले. मात्र त्यासोबत असलेली अट फारशी कोणी सांगत नाही.

ती अट अशी: एनबीए महाविद्यालयांचे दोन गट करते. स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे स्वतःचे विभाग हा पहिला गट, म्हणजे टिअर-1. विद्यापीठाने ठरवलेला अभ्यासक्रम शिकवणारी संलग्न महाविद्यालये हा दुसरा, म्हणजे टिअर-2. वॉशिंग्टन कराराचा लाभ फक्त टिअर-1 म्हणून मानांकित झालेल्या पदवीला मिळतो. संलग्न महाविद्यालयाला टिअर-2 चे मानांकन मिळाले तर ते देशात पूर्णपणे वैध असते, पण कराराच्या यादीत ते येत नाही. माहितीपत्रकात 'एनबीए' आणि 'वॉशिंग्टन करार' हे शब्द एकाच परिच्छेदात आले, तर मानांकन कोणत्या गटातले आहे हे विचारून घेणे पालकांच्या हिताचे आहे.

गोव्यात पदवी अभियांत्रिकीची महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजता येतील. 1967 मध्ये स्थापन झालेले फर्मागुढीच्या डोंगरावरचे सरकारी महाविद्यालय, वेर्ण्याचे, शिरोड्याचे, फातोर्ड्याचे आणि आसगावचे अशी ती यादी लगेच संपते. त्यांखेरीज बिट्स, एनआयटी आणि आयआयटी या आपापल्या स्वतंत्र नियमांनी चालणाऱ्या राष्ट्रीय पातळीवरच्या संस्था आहेत. राज्य लहान असल्याचा एक परिणाम असा की मूल्यांकनाची समिती कुठे आली, कधी आली आणि काय विचारून गेली, हे आठवडाभरात फोंड्यापासून म्हापशापर्यंत सगळ्यांना ठाऊक होते. दुसरा परिणाम अधिक उपयोगाचा आहे: आमचे माजी विद्यार्थी आणि त्यांचे मालक बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या अंतरावर असतात, त्यामुळे त्यांचे मत घ्यायचे असेल तर ते खरोखर घेता येते.

आता एसएआर. गेली अनेक वर्षे संलग्न महाविद्यालयांसाठी जो आराखडा वापरात होता तो दहा निकषांचा आणि एकूण 1000 गुणांचा. त्यात सर्वांत मोठा वाटा शिक्षकांचा, 200 गुण. विद्यार्थ्यांच्या कामगिरीला 150, अभ्यासक्रम व अध्यापन प्रक्रियेला 120, निष्पत्तींच्या, म्हणजे विद्यार्थ्याला शेवटी काय करता येते याच्या, मोजमापाला 120, व्यवस्थापन व आर्थिक साधनांना 120, आणि सातत्यपूर्ण सुधारणेला अवघे 50. पालक ज्या एकाच गोष्टीबद्दल विचारतात, त्या प्लेसमेंटला, तेही उच्च शिक्षण आणि स्वतःचा उद्योग धरून, 40 गुण. हजारात चाळीस! नोकरी महत्त्वाची नाही असे कोणीही म्हणणार नाही. पण ती बाजारावर बरीच अवलंबून असते आणि मूल्यांकनाचा रोख विभागाच्या हातात काय होते यावर असतो, म्हणून हे प्रमाण मला योग्यच वाटते. 750 किंवा त्याहून अधिक गुण आणि महत्त्वाच्या निकषांत ठरलेली किमान टक्केवारी असेल तर सहा वर्षांचे मानांकन, 600 च्या वर असेल तर तीन वर्षांचे, अशी साधारण रचना होती. म्हणूनच मुदत किती वर्षांची आहे हेही महत्त्वाचे. 'मानांकन आहे' या दोन शब्दांत हा फरक दडून जातो.

शिक्षकांच्या गुणांत केवळ पदव्या मोजत नाहीत. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण, प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि सहायक प्राध्यापक यांचे 1:2:6 हे प्रमाण, आणि शिक्षक टिकून राहतात का, हे सगळे पाहतात. कंत्राटी शिक्षक मोजायचे असतील तर त्यांनी त्या शैक्षणिक वर्षात सलग दोन सत्रे पूर्णवेळ शिकवलेले असले पाहिजे. जूनमध्ये नेमून एप्रिलमध्ये मोकळे करायचे आणि पुन्हा जूनमध्ये नेमायचे, या पद्धतीने चालणाऱ्या विभागाला शिक्षक टिकण्याचे गुण मिळवताना घाम फुटतो, आणि फुटायलाच हवा.

मूल्यांकनाचा गाभा मात्र निष्पत्तींत आहे. पूर्वीची पद्धत साधने मोजणारी होती: ग्रंथालयात पुस्तके किती, प्रयोगशाळेत यंत्रे किती, खोलीचे क्षेत्रफळ किती. आताची पद्धत विचारते की हे सगळे असताना विद्यार्थ्याला शेवटी काय करता येऊ लागले. त्यासाठी प्रत्येक विषयाच्या चार-सहा निष्पत्ती लिहाव्या लागतात, त्यांना सीओ म्हणतात. आणि संपूर्ण पदवीच्या, एनबीएने ठरवून दिलेल्या निष्पत्ती असतात, त्यांना पीओ म्हणतात. कोणता सीओ कोणत्या पीओला किती हातभार लावतो हे 1, 2, 3 अशा आकड्यांनी एका तक्त्यात भरायचे. या तक्त्याने महाराष्ट्र-गोव्यातल्या कितीतरी प्राध्यापकांची सत्रान्ताची झोप उडवली आहे.

माझ्या विषयातले उदाहरण देतो. प्रबलित काँक्रीटच्या विषयात एक निष्पत्ती अशी लिहिलेली असते: परिसराला अनुरूप काँक्रीटची प्रत आणि सळ्यांवरचे आवरण विद्यार्थ्याला निवडता येईल. या निष्पत्तीची परीक्षा घेण्यासाठी एक प्रश्न असा काढता येतो: 'काँक्रीटमधील सळ्या गंजण्याची कारणे लिहा.' गाइडमधली पाच कारणे पाठ केलेला मुलगा पाचपैकी पाच गुण घेतो. दुसरा प्रश्न असा: 'कोलवा येथे किनाऱ्यालगत बांधायच्या इमारतीच्या आराखड्यात तुळईचे काँक्रीट एम20 आणि आवरण 25 मिमी दाखवले आहे. या आराखड्यावर तुम्ही सही कराल का? कारणासह लिहा.' इथे विद्यार्थ्याला आयएस 456 : 2000 या काँक्रीटविषयीच्या भारतीय मानकातला तक्ता उघडावा लागतो, किनारी हवामान 'तीव्र' वर्गात येते हे ओळखावे लागते, आणि तिथे किमान एम30 प्रत व 45 मिमी आवरण लागते म्हणून सही करणार नाही, असे स्वतःच्या जबाबदारीवर लिहावे लागते. 1986 च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळलेला ज्या राज्याने पाहिला, तिथल्या स्थापत्य पदवीधराला हे उत्तर देता आले पाहिजे, याविषयी दुमत नसावे. दोन्ही प्रश्न कागदावर त्याच सीओसमोर लिहिता येतात आणि तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतात. फरक फक्त प्रश्नपत्रिका हातात घेतल्यावर कळतो.

मोजमापाचे गणित तसे सोपे आहे, आणि सोपे आहे म्हणूनच फसवे. समजा वर्गात 60 विद्यार्थी आहेत. विभागाने ठरवले की एखाद्या सीओच्या प्रश्नांत 60 टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी ती निष्पत्ती गाठतो. वर्गातील 60 टक्के विद्यार्थ्यांनी ती गाठली तर पातळी 1, 70 टक्क्यांनी गाठली तर 2, आणि 80 टक्क्यांनी गाठली तर 3. निकालात 39 जण पोहोचले. हे 65 टक्के होतात, म्हणून पातळी 1. हेच विभागाने 60 ऐवजी 50 टक्के गुणांची रेषा धरली असती, तर कदाचित 49 जण पार झाले असते, म्हणजे जवळजवळ 82 टक्के, आणि पातळी थेट 3 झाली असती. शिकवण्यात काडीचा बदल नाही, मुलांच्या समजेत नाही, तरी तक्ता हिरवा झाला. पुढे हे आकडे सीओकडून पीओकडे जातात, भारित सरासरी निघते, आणि दोन दशांश स्थळांपर्यंत 1.75 किंवा 2.13 असे काहीतरी छापले जाते. मुळात अंदाजाने भरलेल्या 1, 2, 3 मधून दोन दशांश स्थळांची अचूकता कुठून येते, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही. अनुभवी मूल्यांकनकर्ता त्या आकड्यापाशी थांबत नाही. तो विचारतो की रेषा कुठे धरली, का धरली, आणि निष्पत्ती गाठली गेल्यावर पुढच्या वर्षी ती वर सरकवली का.

संलग्न महाविद्यालयाची आणखी एक अडचण आहे, जिच्याबद्दल बाहेर फारसे बोलले जात नाही. सत्रान्त परीक्षा विद्यापीठाची असते. आमच्या हाती येतो तो विषयातला एकूण गुणांचा आकडा; कोणत्या प्रश्नाला किती गुण पडले, हे कळत नाही. मग तो एकच आकडा विषयाच्या सगळ्या सीओंना सारखा लावायचा, अशी वहिवाट पडली आहे. ज्या मुलाला तुळईची रचना उत्तम जमते आणि पायाची अजिबात जमत नाही, तो या हिशेबात दोन्हींत मध्यम ठरतो. म्हणजे गुणांचा मोठा भाग जिथून येतो तिथे निष्पत्तींचा फरकच पुसला जातो, आणि प्रश्नागणिक माहिती उरते ती फक्त आमच्या अंतर्गत चाचण्यांत. अंतर्गत चाचणीची प्रश्नपत्रिका ही, वेळ नाही म्हणून चवथीच्या सुट्टीआधी घाईत काढायची गोष्ट नव्हे, असे मी सहकाऱ्यांना नेहमी सांगतो ते याच कारणाने. संलग्न विभागाकडे स्वतःचे म्हणता येईल असे मोजण्याचे तेवढेच एक साधन आहे.

अप्रत्यक्ष मोजमापाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांची मतपत्रिका, माजी विद्यार्थ्यांची आणि मालकांची मते, यांना मिळून बहुधा 20 टक्के वजन देतात. विद्यार्थ्यांची मतपत्रिका नो-ड्यूजच्या अर्जासोबत भरून घेतली की सगळीकडे 'उत्कृष्ट' येते. त्या वेळी विद्यार्थ्याला अनामत रक्कम परत हवी असते. मालकांच्या मताचे तसे नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या व्यवस्थापकाने 'तुमची मुले हुशार आहेत, पण दोन पानांचा अहवाल लिहिता येत नाही' असे एकदा सांगितले तर ते कोणत्याही सरासरीपेक्षा अधिक उपयोगाचे असते, आणि संवादकौशल्य ही पदवीच्या निष्पत्तींपैकी एक असल्याने ते थेट अहवालात लिहिताही येते.

प्रत्यक्ष भेट तीन दिवसांची असते. समितीचे एक अध्यक्ष आणि प्रत्येक अभ्यासक्रमासाठी दोन मूल्यांकनकर्ते असतात. पहिल्या दिवशी सादरीकरणे होतात, ती सगळीकडे सारखीच असतात. नंतर समिती पांगते: कोणी प्रयोगशाळेत, कोणी ग्रंथालयात, कोणी वर्गात, कोणी विद्यार्थ्यांशी आणि माजी विद्यार्थ्यांशी शिक्षकांच्या अनुपस्थितीत बोलायला. प्रत्येक विषयाच्या कागदपत्रांच्या, म्हणजे कोर्स फायलीत उत्तम, मध्यम आणि कमकुवत अशा उत्तरपत्रिकांचे नमुने ठेवलेले असतात. यातली कमकुवत उत्तरपत्रिका काढून शांतपणे वाचणारा मूल्यांकनकर्ता मला सर्वांत जाणता वाटतो. त्या मुलाने कुठे चूक केली हे त्याला पाहायचे नसते. तपासणाऱ्याने त्या चुकीवर काय लिहिले, आणि पुढच्या महिन्यात त्या मुलासाठी कोणी काय केले, हे त्याला पाहायचे असते. रंग दिलेल्या भिंतींवर आणि नव्याने लावलेल्या ध्येयवाक्यांवर त्याची नजर ठरत नाही. ओला रंग मात्र त्याला लगेच कळतो.

या सगळ्या व्यवस्थेवर जे आक्षेप घेतले जातात त्यांतले बरेच मला मान्य आहेत. शिक्षकाचा शिकवण्याच्या तयारीतला वेळ कागदांत जातो. महाविद्यालये बाहेरच्या सल्लागारांकडून तयार तक्ते विकत घेतात, आणि मग दोन वेगवेगळ्या राज्यांतल्या विभागांची ध्येयवाक्ये शब्दशः सारखी निघतात. बैठकीची इतिवृत्ते एकाच शाईने, एकाच बैठकीत, तीन वर्षांची लिहिली जातात. पण म्हणून पूर्वीची साधने मोजणारी पद्धत बरी होती, असे म्हणणे मला पटत नाही. तिच्यात शिकवणाऱ्याला 'तुझ्या मुलांना काय येते?' हा प्रश्न कोणी विचारतच नव्हते. आता तो निदान विचारला जातो. उत्तर खोटे देता येते हे खरे, पण ते खोटे लिहिण्यासाठी आधी आपल्याला खरे काय आहे ते पाहावे लागते, आणि पाहिल्यावर काही जण ते दुरुस्तही करतात.

सातत्यपूर्ण सुधारणेला कमी गुण असले तरी माझ्या मते तो निकष बाकी सगळ्यांची कसोटी आहे. तिथे पीओचा निकाल, कमी पडलेली निष्पत्ती आणि त्यावर केलेली उपाययोजना एका ओळीत लिहायची असते. 'अतिरिक्त व्याख्याने घेतली' ही उपाययोजना वाचली की मला तिथे काहीच घडले नसावे असा संशय येतो. याउलट, आवरणाच्या प्रश्नात वर्ग मागे पडला म्हणून पुढच्या वर्षी मुलांना मुरगावच्या बंदरालगतच्या जुन्या बांधकामांची पाहणी करायला नेले, प्रात्यक्षिकात आवरण मोजण्याचे यंत्र हाताळायला दिले आणि त्याच पातळीचा प्रश्न पुन्हा विचारला, असे लिहिले असेल तर ते तपासता येते: भेटीचे वृत्त, प्रश्नपत्रिका, निकाल, तिन्ही समोर ठेवता येतात.

आता आराखडा पुन्हा बदलला आहे. वॉशिंग्टन करार ज्या आंतरराष्ट्रीय आघाडीखाली येतो तिने 2021 मध्ये पदवीधराच्या गुणवैशिष्ट्यांची सुधारित यादी काढली, आणि तिला अनुसरून एनबीएने बाराऐवजी अकरा पीओ केले. जुन्या बारा रकान्यांचे तक्ते नव्या अकरांत बसवण्याचे काम सध्या विभागाविभागांत चालू आहे. काही ठिकाणी ते एक रकाना खोडून उरकले जाईल. काही ठिकाणी त्या निमित्ताने प्रत्येक विषयाच्या निष्पत्ती नव्याने वाचल्या जातील. दुसरे काम करायला एक सत्र पुरत नाही.

पालकांना व्यवहारात एवढे करता येईल. एनबीएच्या संकेतस्थळावर मानांकित अभ्यासक्रमांची यादी असते. तिथे महाविद्यालयाचे नव्हे, शाखेचे नाव शोधावे, गट पाहावा आणि मुदतीच्या दोन्ही तारखा पाहाव्यात, कारण मानांकनाचा लाभ त्या मुदतीत पदवी घेणाऱ्या तुकड्यांना मिळतो. आज प्रवेश घेणारा मुलगा चार वर्षांनी बाहेर पडणार आहे, तेव्हा मुदत मध्येच संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज केला आहे का, हे विभागप्रमुखांना विचारावे. आणि महाविद्यालय पाहायला गेलात तर प्रयोगशाळेनंतर गेल्या वर्षीच्या एका अंतर्गत चाचणीची प्रश्नपत्रिका पाहायला मागावी. ती गोपनीय नसते, आणि ज्या विभागाने ती मन लावून काढलेली असते तो ती दाखवायला आढेवेढे घेत नाही.